तबकडी मोठी की तोंड? किंग्स्टनच्या रस्त्यावरचा सवाल-जवाब

किंग्स्टन म्हटलं की मराठी माणसाला आठवतं ते सबिना पार्क. फेब्रुवारी १९७१ मध्ये अजित वाडेकरच्या संघाची ५ बाद ७५ अशी दाणादाण उडाली असताना मडगावचा दिलीप सरदेसाई तिथे पाय रोवून उभा राहिला आणि २१२ धावा काढूनच परतला. पाच वर्षांनी त्याच मैदानावर मायकेल होल्डिंग या किंग्स्टनच्याच पोराने आपल्या फलंदाजांना सळो की पळो करून सोडलं. जमैकाच्या राजधानीशी आपली ओळख बहुतेक तिथेच सुरू होते आणि तिथेच संपते.

खुद्द किंग्स्टनकरांना मात्र आणखी एका सामन्याचं वेड आहे. तो दिवसा नाही, रात्री रंगतो. त्याला बॅट लागत नाही आणि चेंडूही लागत नाही. मोकळ्या आवारात समोरासमोर माणसाच्या उंचीहून उंच अशा स्पीकरच्या खोक्यांच्या दोन भिंती उभ्या राहतात. एका बाजूने एक गाणं वाजतं, दुसरी बाजू त्याला दुसऱ्या गाण्याने उत्तर देते. पंच म्हणजे समोर उभी असलेली गर्दी. खूश झाली की ती हात उंचावते, लायटर पेटवते, घरून आणलेली पातेल्यांची झाकणं एकमेकांवर आपटते. नाराज झाली की नुसती गप्प उभी राहते, आणि ती शांतता हरणाऱ्याला शिव्यांपेक्षाही झोंबते. या प्रकाराला तिकडे 'साउंड क्लॅश' म्हणतात. आपल्याकडच्या कलगी-तुऱ्याचा किंवा तमाशातल्या सवाल-जवाबाचा हा सातासमुद्रापलीकडचा भाऊच म्हणायचा!

या सामन्यात एक वाद गेली सत्तर वर्षं चालू आहे. लोक कशामुळे नाचतात? नेमकी तबकडी निवडून लावणाऱ्यामुळे, की माइक हातात घेऊन त्यांना बोलतं करणाऱ्यामुळे? हा वाद आज लग्नाच्या हॉलपासून परदेशातल्या नाइट क्लबपर्यंत जिथे तिथे ऐकू येतो. पण तो आधी पिकला किंग्स्टनमध्ये. कारण तिथे ही दोन कामं दोन वेगळ्या माणसांची होती.

डोंगर, बंदर आणि मधली गल्ली

जमैका हे बेट आकाराने आपल्या पुणे जिल्ह्याहूनही लहान. सुमारे ११ हजार चौरस किलोमीटर जमीन आणि २८ लाखांच्या आसपास माणसं. १६९२ च्या भूकंपात पोर्ट रॉयल हे चाच्यांचं श्रीमंत शहर समुद्रात गडप झालं आणि वाचलेली माणसं खाडीच्या पलीकडे वसली. तेच आजचं किंग्स्टन. पाठीशी कॉफीसाठी प्रसिद्ध असलेले निळसर ब्लू माउंटन, पुढ्यात बंदर आणि मधल्या उतारावर शहर. श्रीमंत वस्ती वर, डोंगराच्या बाजूला. गरिबांची खाली, बंदराकडे. 'अपटाउन' आणि 'डाउनटाउन' हे तिथे नुसते पत्ते नाहीत. तो माणसाचा दर्जा सांगणारा शब्द आहे.

आपली माणसंही या बेटावर पोचली आहेत. १८४५ ते १९१७ या काळात सुमारे ३६ हजार हिंदुस्थानी मजूर करारावर उसाच्या मळ्यांत आणले गेले. बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारकडचे. त्यांच्याबरोबर करी गेली, रोटी गेली आणि 'गांजा' हा शब्दही गेला. तो तिकडच्या बोलीत आजतागायत ठाण मांडून बसला आहे.

डाउनटाउनमध्ये परेड नावाचा मोठा चौक आहे. तिथून वर जाणारी ऑरेंज स्ट्रीट म्हणजे एके काळची तबकड्यांची पेठ. दुकानाच्या दारातच स्पीकर टांगलेला, नवी तबकडी आली की ती रस्त्यावर ऐकवायची आणि गिऱ्हाईक आत ओढायचं. दोन दुकानं सोडली की दुसरं गाणं. आपल्याकडे दिवाळीच्या आधी कॅसेटच्या दुकानांपुढे जशी गर्दी व्हायची, तशी तिथे बाराही महिने असायची.

ही पेठ फुलली त्याला कारण गरिबी. दुसऱ्या महायुद्धानंतर रेडिओ विकत घेणं साध्या माणसाच्या आवाक्याबाहेरचं होतं. बेटावर व्यापारी रेडिओ केंद्र १९५० मध्ये सुरू झालं, तरी त्यावर साहेबी अभिरुची. वाद्यवृंदाच्या नाचाला जायचं तर तिकीट महाग. मग ज्याच्याकडे तबकड्या आणि मोठा आवाज करणारं यंत्र, त्याच्या अंगणात लोक जमू लागले. ब्रिटिश हवाई दलात रडारचं तंत्र शिकून आलेल्या हेडली जोन्स या किंग्स्टनकराने असे ताकदवान ॲम्प्लिफायर बांधून दिले. त्याचं एक गिऱ्हाईक होतं टॉम वाँग, चिनी वंशाचा, हार्डवेअरचा दुकानदार. त्याच्या संचाचं नाव 'टॉम द ग्रेट सेबॅस्टियन'. अशा संचाला म्हणायचं 'साउंड सिस्टिम', आणि लाडाने नुसतं 'साउंड'.

तबकडीवरचं नाव खरवडलं

प्रत्येक साउंडचा एक 'सिलेक्टर' असे. नावाप्रमाणे त्याचं काम निवडीचं. शेकडो तबकड्यांतून आत्ता, या क्षणाला, या माणसांपुढे कोणती लावायची हे तो ठरवणार. टॉमचा सिलेक्टर ड्यूक विन १९५४ मध्ये बोटीत लपून इंग्लंडला गेला आणि पुढच्या वर्षी लंडनमध्ये स्वतःचा साउंड काढून बसला. नोकरीधंदा शोधायला गेलेल्या माणसाने सोबत नेली ती निवडीची नजर!

टॉमनंतर दोन नावं गाजली. एक ड्यूक रीड, माजी पोलीस आणि दारूच्या दुकानाचा मालक, कमरेला पिस्तूल लावून फिरणारा. दुसरा क्लेमेंट डॉड ऊर्फ कॉक्सन. कॉक्सन ऊसतोडीच्या निमित्ताने अमेरिकेत जायचा आणि परत येताना तबकड्या घेऊन यायचा. किंग्स्टनमध्ये कुणाकडेच नाही अशी एक तबकडी हाती लागली की महिनोन् महिने गर्दी आपली. ते गुपित फुटू नये म्हणून हे लोक तबकडीवरचं नाव चक्क खरवडून टाकत.

विलिस जॅक्सन या अमेरिकन सॅक्सोफोनवादकाची एक धून कॉक्सनने अशीच नाव खरवडून वाजवली आणि तिचं बारसं केलं 'कॉक्सन हॉप'. लोक त्या धुनेसाठी त्याच्याकडे लोटायचे. रीडच्या माणसांनी तिचा माग काढण्यासाठी वर्षं घालवली. अखेर एका रात्री भर नाचात रीडच्या स्पीकरमधून तीच धून कडाडली आणि कॉक्सनला घेरीच यायची बाकी राहिली, असा किस्सा त्या काळचे लोक सांगत. एका तबकडीवर धंदा उभा राहत होता आणि एका तबकडीने तो बसत होता. दारूची विक्री, दाराशी मिळणारे तिकिटाचे पैसे, खोकी वाहणाऱ्या पोरांची मजुरी, सगळं त्या निवडीवर अवलंबून. सिलेक्टर स्वतःला मोठा समजायचा तो काही उगाच नाही!

पण याच कॉक्सनकडे एक बोलका गडी होता. विन्स्टन कूपर, लोकांचा काउंट मचुकी. एक तबकडी काढून दुसरी लावेपर्यंत मध्ये जी शांतता पडते, ती त्याने बोलून भरायला सुरुवात केली. अमेरिकन रेडिओवरच्या निवेदकांची ऐट त्याने उचलली, कोट्या आणि यमकं स्वतःची घातली. पुढे तो गाणं चालू असतानाही बोलू लागला. एखादी तबकडी त्याला मिळमिळीत वाटली की तोंडाने ठेका धरून तिच्यात जान आणायचा. त्यानेच पुढे एक मजा सांगितली आहे. नाचात ऐकलेलं गाणं म्हणून लोक दुकानातून तबकडी घेऊन जायचे, घरी वाजवायचे आणि तक्रार घेऊन परत यायचे, कारण 'ते' आवाज तिच्यात नसायचे! ते मचुकीच्या तोंडात होते.

या बोलणाऱ्याला जमैकात नाव पडलं 'डीजे'. इथेच आपला गोंधळ उडतो. जगभर तबकड्या लावणाऱ्याला डीजे म्हणतात. जमैकात डीजे म्हणजे बोलणारा आणि लावणारा तो सिलेक्टर.

एक चूक आणि तिचं सोनं

१९६७-६८ च्या सुमाराला एक गंमत घडली. किंग्स्टनपासून वीसेक किलोमीटरवरच्या स्पॅनिश टाउनमध्ये रडी रेडवूड नावाचा साउंडवाला होता. ड्यूक रीडच्या स्टुडिओतून त्याने आपल्या नाचासाठी एक खास तबकडी कापून घेतली. गाणं पॅरागॉन्स या त्रिकुटाचं. तंत्रज्ञाच्या हातून गायकांचा आवाज घ्यायचाच राहिला आणि तबकडीवर उतरलं ते नुसतं संगीत.

रडीने ती फेकून दिली नाही. रात्री आधी त्याने मूळ गाणं लावलं आणि लगेच पाठोपाठ ही बिनआवाजाची तबकडी. गर्दी क्षणभर बावचळली आणि मग अख्ख्या आवाराने ते गाणं स्वतःच म्हणायला सुरुवात केली! रिकाम्या राहिलेल्या जागेत लोक शिरले होते. हा निवडीचा विजय म्हणायचा की गर्दीला सामील करून घेण्याचा? तिथल्या तिथे दोन्ही एकच झाले.

पुढे प्रत्येक तबकडीच्या मागच्या बाजूला अशी 'व्हर्शन' येऊ लागली. रेडिओ-दुरुस्ती करणाऱ्या ऑसबोर्न रडॉक ऊर्फ किंग टबी याने या रिकाम्या संगीतावर आवाजाचे घुमारे आणि पडसाद चढवले. त्याच्या साउंडवर माइक धरणारा यू-रॉय मधल्या जागा आपल्या बोलण्याने भरू लागला. १९७० मध्ये या यू-रॉयच्या तीन तबकड्या एकाच वेळी जमैकाच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या तीन जागांवर जाऊन बसल्या. काल-परवापर्यंत गाण्याच्या मध्ये मध्ये बडबड करणारा माणूस आता स्वतःच गाणं झाला होता. पुढे २००७ मध्ये सरकारने त्याला 'ऑर्डर ऑफ डिस्टिंक्शन' हा सन्मान दिला. २०२१ मध्ये तो गेला.

याच वाटेने एक पोरगा अमेरिकेला पोचला. क्लाइव्ह कॅम्पबेल, जन्म किंग्स्टनचा, १९६७ मध्ये बाराव्या वर्षी न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागात गेला. ११ ऑगस्ट १९७३ ला त्याच्या बहिणीने शाळेच्या नव्या कपड्यांसाठी पैसे जमवायला इमारतीच्या हॉलमध्ये पार्टी ठेवली. मुलींना तिकीट २५ सेंट, मुलांना ५०. तबकड्या भावाने लावल्या. जमैकन गाण्यांना तिथली पोरं दाद देईनात, म्हणून त्याने अमेरिकन फंक काढलं. पुढे पाहता पाहता त्याच्या लक्षात आलं, की पोरं गाण्यात एकाच जागेची वाट पाहतात. गाणारे थांबतात आणि नुसते ड्रम वाजतात, त्या जागेची. मग त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेऊन तीच जागा पुन्हा पुन्हा वाजवली. शेजारी त्याचा दोस्त कोक ला रॉक माइकवरून ओळखीच्यांची नावं पुकारत होता. कूल हर्क या नावाने गाजलेल्या त्या मुलाच्या पार्टीला जग आज हिप-हॉपची सुरुवात मानतं. किंग्स्टनची जोडी तिथेही तशीच होती. एक लावणारा, एक बोलणारा.

रविवारची रात्र, बुधवारची रात्र

किंग्स्टनमधल्या दोन रात्री शेजारी शेजारी ठेवल्या की हा वाद डोळ्यांना दिसतो.

पहिली रे टाउनची. हा बंदराकाठचा जुना कोळीवाडा. १९८० च्या दशकापासून इथला रविवारचा नाच जुन्या गाण्यांसाठी गाजला. रात्री उशिरा रस्त्यावर खोकी लागतात. पिंपात भाजलेल्या जर्क चिकनचा धूर पसरतो, शेंगदाणेवाल्याची गाडी वाफेची शिट्टी घालत फिरते. चर्चला घालावेत तसे कडक इस्त्रीचे कपडे करून नवरा-बायको येतात, आजी-आजोबा येतात. इथे सिलेक्टरने फार बोललेलं चालत नाही. त्याने फक्त १९६० च्या दशकातली एखादी रॉकस्टेडी लावायची. पहिल्या चार ठेक्यांत मंडळी ओळखतात, 'पुन्हा, पुन्हा' म्हणून ओरडतात आणि सिलेक्टर सुई उचलून गाणं पहिल्यापासून लावतो. आपल्याकडच्या 'वन्समोअर'चाच हा अवतार.

दुसरी रात्र टिव्होली गार्डन्सची. ही वस्ती राजकीय टोळ्यांच्या छायेतली, बाहेरचा माणूस पाय ठेवायला धजावत नसे अशी. २००३ मध्ये तिथे दर बुधवारी 'पासा पासा' नावाचा रस्त्यावरचा नाच सुरू झाला आणि उजाडेपर्यंत चालू लागला. अपटाउनची श्रीमंत पोरं गाड्या घेऊन आली, परदेशी पाहुणे आले. कॅमेऱ्याचा झगझगीत दिवा ज्याच्यावर पडेल तो त्या रात्रीचा राजा. इथे सिलेक्टर धड एक गाणं पुरं वाजू देत नसे. वीस-तीस सेकंद झाले की माइकवरून आरोळी, नव्या नाचाचं नाव, कुणाचा तरी उद्धार, कुणाची तरी तारीफ. गाणं म्हणजे नुसतं निमित्त, खरा खेळ लोकांचा.

मे २०१० मध्ये एका टोळीप्रमुखाला पकडण्यासाठी पोलीस आणि लष्कर टिव्होलीत घुसले. त्या कारवाईत सुमारे ७० माणसं मारली गेली आणि पासा पासाही तिथून उठला. नाच थांबला तेव्हा सोडा-बिअर विकणाऱ्या बायकांची, सूप उकळणाऱ्यांची, वेण्या घालून देणाऱ्यांची बुधवारची कमाईही थांबली. अपटाउन आणि डाउनटाउनला एका रस्त्यावर आणणारी रात्र गेली, ते वेगळंच.

पासा पासाच्या या आरडाओरड्यावर जुने लोक नाकं मुरडत. त्यांच्या मते बिघाड आधीच झाला होता. डीजे मंडळी स्टुडिओत जाऊन मोठे कलाकार बनली आणि साउंडशेजारचा माइक रिकामा पडला. तो सिलेक्टरने उचलला. दोघांचं काम एकाकडे आलं. ज्याला दोन्ही साधलं तो तरला. बाकीच्यांनी तबकड्या शोधायचे कष्ट सोडले आणि घसा तेवढा ताणला. याउलट तरुणांचं म्हणणं असं, की नुसती दुर्मीळ गाणी ऐकायची तर घरी बसून ऐकावीत. रस्त्यावर माणूस येतो ते कुणीतरी आपल्याला हाक मारावी म्हणून.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण रे टाउनच्या गप्प सिलेक्टरकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते. त्याची नजर पेटीतल्या तबकड्यांवर कमी आणि समोरच्या पायांवर जास्त असते. कोण बसलंय, कोण उठू पाहतंय, कुठल्या जोडप्याला आता संथ गाणं हवंय, हे तो वाचतो आणि मग हात पेटीत घालतो. तो बोलत नाही, पण संवाद चालूच असतो. आणि मचुकी इतकं बोलायचा, तरी त्याचं बोलणं गाण्याच्या ठेक्यात बसायचं, कारण कुठली तबकडी कुठे कच्ची आहे हे त्याला पाठ होतं. म्हणजे बोलणाऱ्याला निवड कळत होती आणि निवडणाऱ्याला माणसं कळत होती.

आपल्या गल्लीतला डीजे

जमैकात 'डीजे' म्हणजे बोलणारा माणूस. अमेरिकेत-युरोपात तबकड्या लावणारा माणूस. आणि आपल्याकडे? "यंदा आमच्या मंडळाने डीजे आणलाय," असं गणपतीत कुणी म्हणालं की डोळ्यांपुढे माणूस येतच नाही. येते ती ट्रॅक्टर-ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत! ती कोण वाजवतो, काय वाजवतो, कुणाकडे पाहून वाजवतो, हे कुणी विचारत नाही. छातीत धडधड झाली की डीजे चांगला. निवडही गेली आणि संवादही गेला, उरला तो नुसता आवाज.

आवाजाचा प्रश्न किंग्स्टनलाही आहे. तिथल्या १९९७ च्या कायद्याने आठवड्यात मध्यरात्री आणि शुक्रवार-शनिवारी पहाटे दोनला स्पीकर बंद करायची मर्यादा घातली. झोपमोड होणारे एका बाजूला, नाचावर पोट असणारे दुसऱ्या बाजूला, असं भांडण तिथेही पोलिसांच्या दारात जातं. आपल्याकडे २००० च्या नियमांनी रात्री दहाची वेळ आखून दिली आणि त्यावरही दरवर्षी तीच हुज्जत चालते. फरक एवढाच, की किंग्स्टनमध्ये साउंड बंद पडला तर लोक विचारतात, 'आज वाजवत कोण होतं?'

कॉक्सन २००४ च्या मे महिन्यात गेला. त्याच्या आदल्याच आठवड्यात, त्याचा स्टुडिओ ज्या ब्रेंटफर्ड रोडवर होता त्या रस्त्याला सरकारने 'स्टुडिओ वन बुलव्हार' असं नाव दिलं होतं. तबकड्यांवरची नावं खरवडणाऱ्या माणसाच्या कामाचं नाव अखेर रस्त्याच्या पाटीवर लागलं. २०१५ मध्ये युनेस्कोने किंग्स्टनला संगीताचं शहर म्हणून मान दिला, २०१८ मध्ये रेगे संगीत जगाच्या वारशात नोंदलं गेलं. मानसन्मान झाले. वाद मात्र मिटला नाही.

तो मिटवायची घाई रे टाउनच्या कोळीवाड्यात कुणालाच नाही. रविवारी मध्यरात्रीनंतर शेवटच्या शेवटच्या गाण्यांना एखादी आजी नातवाचा हात धरून रस्त्याच्या मधोमध येते. सिलेक्टर तिला पाहतो, पेटी चाळतो आणि तिच्या तरुणपणचं एक गाणं लावतो. माइक शेजारीच ठेवलेला असतो. त्याला हात लावायची त्याला गरज पडत नाही.